फेक आणि झेल

दोन माणसे सात-आठ फुटांच्या अंतरावर समोरासमोर उभी आहेत. प्रत्येकाजवळ तीन हलके मुद्गल आहेत. दोघेही आपापले मुद्गल हवेत उडवून पालटीत आहेत, आणि ठरलेल्या ठोक्यास उजव्या हातातला मुद्गल समोरच्याकडे फेकून त्याने फेकलेला डाव्या हाती घेत आहेत. वीस-पंचवीस फेका बिनबोभाट पार पडतात, आणि मग एक मुद्गल खाली पडतो. त्या क्षणी दोघांपैकी कोणीही पडलेल्या मुद्गलाकडे पाहत नाही. दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. त्या पाहण्यात जो प्रश्न असतो तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय. चूक कोणाची? ज्याच्या हातून मुद्गल सुटला त्याची, की ज्याच्या हाती तो लागला नाही त्याची?

प्रश्न पोरकट आहे असे कोणी म्हणेल. परंतु बापाने मुलास केलेला उपदेश, गुरूने शिष्यास सांगितलेली विद्या, श्रीमंताने गरिबास दिलेले साहाय्य, ग्रंथकाराने वाचकापुढे ठेवलेला विचार, ही सर्व एका हातून सुटून दुसऱ्या हाती पोचावयाची असतात, आणि त्यांपैकी पुष्कळशी मध्येच खाली पडतात. पडल्यावर जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. संसारात ज्या प्रश्नाचा निकाल उभ्या आयुष्यात लागत नाही, तो या खेळात दहा मिनिटांत पन्नास वेळा विचारता येतो, एवढाच आमचा या खेळाकडे वळण्याचा तात्त्विक आधार. (खरा आधार वैद्यांचा होता. बावन्नाव्या वर्षी काहीतरी हातपाय हलवा असे त्यांनी बजावले, आणि टेनिसला आमचा गुडघा कबूल नव्हता.)

या विद्येस मराठीत रुळलेले नाव नाही. इंग्रजीत तिला जग्लिंग म्हणतात. विद्या मात्र जुनी आहे. इजिप्तमध्ये बेनी हसन येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्याच्या भिंतीवर चेंडू उडवून झेलणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत, आणि आमच्याकडील मुलींच्या सागरगोट्यांत, ज्यांस काही भागांत गजगे म्हणतात, तिचे बीज आहेच. परंतु नाव द्यावयाचेच झाले तर मराठी माणूस 'झेलण्याचा खेळ' असेच देईल, कारण आपल्या भाषेचा सारा कल झेलण्याकडे आहे. वडिलांचा शब्द झेलावा, धन्याचा हुकूम झेलावा, आलेले संकट वरच्यावर झेलावे, थोरांचा शब्द खाली पडू देऊ नये. शब्द खाली पडला तर दोष ऐकणाऱ्याचा. तो कसा टाकला गेला होता याची चौकशी करण्याची आपल्याकडे चाल नाही. 'शब्द टाकणे' हा वाक्प्रचार आहे खरा, परंतु तेथेही टाकणाराचा मान राखण्याची जबाबदारी समोरच्यावरच येते.

खेळ शिकू लागल्यावर पहिल्याच दिवशी भाषेने दिलेला हा समज मोडावा लागतो. आमचे गुरू म्हणजे आमच्याच महाविद्यालयातील गणिताचे एक तरुण अध्यापक. परदेशी शिकत असता त्यांनी ही विद्या संपादन केली होती. त्यांनी प्रथम आमच्या हाती एकच चेंडू दिला आणि तो एका हातातून दुसऱ्या हातात डोळ्यांच्या उंचीपर्यंत जाईल असा फेकावयास सांगितले. आम्ही झेलण्याची शिकस्त करीत होतो, आणि ते पुनःपुन्हा एकच सांगत होते: "सर, झेलायचा विचारच करू नका. पडू द्या. फेक नीट करा." चेंडू एकदा सुटला की त्याचे भवितव्य ठरले, पुढे हात केवळ ठरलेल्या जागी जाऊन उभा राहतो. जो हात चेंडूच्या मागे धावतो तो वस्तुतः आधीच्या फेकीचे प्रायश्चित्त घेत असतो. डोळेही हाताकडे लावावयाचे नाहीत; चेंडू जेथे क्षणभर थबकून खाली वळतो त्या शिखराकडे लावावयाचे. तीन चेंडूंची साधी गुंफण साधावयास आम्हांस तीन आठवडे लागले. विद्यार्थ्यांस ती बहुधा तीन दिवसांत येते हे आम्हांस नंतर कळले. आधी कळले असते तर हा लेख झाला नसता.

या विद्येचे शास्त्रही आहे. माहितीशास्त्राचा जनक क्लॉड शॅनन हा स्वतः मोठा हौशी जग्लर होता, आणि त्याने या खेळाचा एक सिद्धान्त मांडला. चेंडू हवेत असण्याचा काळ व हातात असण्याचा काळ यांच्या बेरजेस हातांच्या संख्येने गुणावे. हात रिकामा असण्याचा काळ व भरलेला असण्याचा काळ यांच्या बेरजेस चेंडूंच्या संख्येने गुणावे. दोन्ही गुणाकार सारखेच येतात. चेंडू वाढले की हात लवकर मोकळा केला पाहिजे, नाहीतर चेंडू अधिक काळ वर राहिला पाहिजे. आणि दुप्पट काळ वर ठेवावयाचा तर चौपट उंच फेकला पाहिजे. पाच चेंडू हे तीन चेंडूंहून केवळ दोनांनी अधिक नाहीत, ते यामुळेच. पुढे १९८१ ते १९८५ या काळात सांता क्रूझ, कॅलटेक आणि केंब्रिज येथील निरनिराळ्या लोकांनी परस्परांस ठाऊक नसता या खेळाची एक अंकलिपी शोधून काढली. तीत प्रत्येक फेकीस एक अंक असतो, आणि त्या अंकांची सरासरी म्हणजे चेंडूंची संख्या. ४४१ हा तीन चेंडूंचा प्रकार, ५३१ हाही तीनांचाच, ५१ हाही. आम्हांस या लिपीत सर्वांत लक्षणीय वाटली ती गोष्ट निराळीच: तीत झेलासाठी चिन्हच नाही. जी काय लिहावयाची ती फेक. संगीताच्या लिपीत ऐकणारास स्थान नसते, तसेच हे.

येथे आम्हांस आमच्या जुन्या व्यवसायबंधूची आठवण होते. विल्यम हॅझ्लिट याचा 'इंडियन जग्लर्स' हा निबंध १८२१ साली 'टेबल-टॉक'मध्ये आला. लंडनमध्ये त्याने एका हिंदी खेळाडूस चार पितळी गोळे एका वेळी खेळविताना पाहिले. तो मद्रासेकडून आलेला रामो सामी असावा असे अभ्यासक मानतात. ते पाहून हॅझ्लिटला स्वतःची शरम वाटली. या मनुष्यासारखे निर्दोष करता येईल असे आपणांपाशी काय आहे, असे त्याने स्वतःस विचारले, आणि आपले निबंध आठवून तो खिन्न झाला. त्याचा विचार असा की शारीरिक कौशल्याची कसोटी निसर्गच घेतो. गोळा पडला की पडला, तेथे वशिला चालत नाही. लेखकास मात्र आपला गोळा पडला हे कधी कळतच नाही. अर्थात् पुढे त्याने स्वतःचे समाधान करून घेतले: यांत्रिक नैपुण्य निराळे आणि थोरवी निराळी, थोर तो, जो दुसऱ्यांच्या मनांवर आपला ठसा उमटवितो.

हॅझ्लिटच्या निबंधावर आम्ही कित्येक वर्षे व्याख्याने दिली, आणि ती बरीच टाळ्या घेणारी होती असे आमचे मत आहे. परंतु आता वाटते की त्याने एकट्या माणसाचा खेळ पाहिला आणि तेथेच थांबला. एकट्याच्या खेळात प्रगती म्हणजे शिडी. तीनांवरून चार, चारांवरून पाच. आणि टोकास एन्रिको रास्तेल्ली, जो दहा चेंडू खेळवीत असे व १९३१ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला. ही शिडी भव्य आहे, परंतु तीवर नीतीचा प्रश्न उपस्थित होत नाही; फार तर चिकाटीचा होतो. दुसरा मनुष्य समोर उभा राहिला की मग खेळ बदलतो.

दुसऱ्याबरोबर खेळावयाचे ते बहुधा मुद्गलांनी. यांचे मूळ आमच्याकडचेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज लष्करी लोकांनी येथील आखाड्यांतील जोडी-करेल्यांची कसरत पाहून ती स्वदेशी नेली. तेथे तिला 'इंडियन क्लब' हे नाव पडले, आणि हातात धरून फिरवावयाचे ते मुद्गल पुढे जग्लरांनी हातांतून सोडून दिले. आताचे मुद्गल पोकळ प्लास्टिकचे, लांब मानेचे, पाव किलोच्या आतबाहेर वजनाचे असतात. आमच्या तालमीतल्या वस्तादांनी ते पाहून केलेला शेरा येथे छापण्यासारखा नाही.

दोघांनी सहा मुद्गल खेळविण्याचा पहिला प्रकार चार ठोक्यांचा. एक फेक समोरच्यास, मग तीन स्वतःस. पुन्हा एक समोरच्यास, तीन स्वतःस. त्यानंतर तीन ठोक्यांचा: एक त्याला, दोन स्वतःला, यात देण्याची पाळी आलटूनपालटून दोन्ही हातांवर येते, त्यामुळे आजवर केवळ घेणाऱ्या डाव्या हातासही देण्यास शिकावे लागते. मग दोन ठोक्यांचा: एक त्याला, एक स्वतःला. शेवटी एका ठोक्याचा, ज्यात प्रत्येक फेक समोरच्यासच, स्वतःकडे काहीच नाही. हा क्रम केवळ वेगाचा आहे असे आम्ही समजत होतो. परंतु तो वेगाचा नाही. समजा, समोरून आलेला मुद्गल थोडा वाकडा आला. आम्ही तो कसाबसा धरला, पण चुकीच्या जागी धरला. चार ठोक्यांच्या प्रकारात पुढची देण्याची वेळ येईपर्यंत आमच्यापाशी स्वतःच्या तीन फेका असतात. त्या तीन फेकांत ती वक्रता आम्ही आमच्यातच जिरवू शकतो, आणि समोरच्यास सरळ मुद्गल देऊ शकतो. त्याची चूक त्याला कळतसुद्धा नाही. दोन ठोक्यांत त्यासाठी एकच फेक उरते. एका ठोक्यात काहीच उरत नाही: जसे आले तसे परत गेले. तेव्हा प्रकार कठीण होतो याचा अर्थ घेणे आणि देणे यांमधील ती खाजगी जागा आकसत जाते.

सर्वस्व देणारा तो श्रेष्ठ, असे मानण्याचा आपला प्रघात आहे. या खेळाने आम्हांस त्याविषयी साशंक केले आहे. ज्याच्याकडे स्वतःसाठी काहीच ठोके उरले नाहीत तो दिवसभर देत असतो खरा, परंतु सकाळी कचेरीत मिळालेली चरफड तो संध्याकाळी घरी जशीच्या तशी देतो. एका ठोक्याचा प्रकार उत्तम खेळाडूंनी करावा आणि आम्ही तो बाकावर बसून पाहावा. गृहस्थाश्रमास चार ठोकेच बरे.

आता मूळ प्रश्न. तो आमचा नव्हे, पुष्कळ जुना आहे. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने उपकारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या दुसऱ्या भागात तो ग्रीक स्टोइक क्रिसिप्पस याचा एक दृष्टान्त देतो. उपकार करणे व घेणे हे चेंडू खेळण्यासारखे आहे. चेंडू पडला तर दोष फेकणाराचा तरी असतो, नाहीतर घेणाराचा तरी. खेळ चालू राहावयाचा तर दोघांनीही नीट फेकला व नीट घेतला पाहिजे. परंतु चांगला खेळाडू उंच गड्यास एका रीतीने फेकतो, ठेंगण्यास दुसऱ्या. कसलेल्यास जोराने, नवशिक्यास बेताने, जणू त्याच्या हातात नेऊन ठेवल्यासारखा. उपकाराचेही तसेच, आणि पुष्कळदा लोकांस कृतघ्न करणारे आपणच असतो, असे सेनेका पुढे म्हणतो. आमच्या धर्मशास्त्राने दानाचा विचार करताना पात्र कोण याची बारकाईने छाननी केली. देणाराने श्रद्धेने, नम्रतेने द्यावे असेही सांगितले. परंतु हे दान या विशिष्ट हाताच्या आवाक्यात पडले की नाही, याची परीक्षा सत्पात्राच्या चर्चेत मागे राहिली.

याच जागी आम्हांस एक गोष्ट कबूल करावी लागते, कारण ती टाळली तर हा लेख हॅझ्लिटवरील आमच्या व्याख्यानांच्याच मालिकेत जाऊन बसेल. एके दिवशी चार ठोक्यांच्या प्रकारात मुद्गल वारंवार पडू लागले, आणि आमची खात्री होती की आमची फेक निर्दोष आहे. तसे आम्ही बोलूनही दाखविले. गणिताचे अध्यापक बुटके आहेत. ते मुद्गल उचलीत म्हणाले, "फेक उत्तम आहे, सर. पण ती माझ्यासाठी नाही. माझ्यामागे कोणी उंच उभा असेल त्याच्यासाठी आहे." ते हसत होते. आम्हांस मात्र तीस वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला.

आमच्या नोकरीचे ते दुसरे वर्ष होते. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकून आलेला तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसे व आमचे प्रत्येक इंग्रजी वाक्य उतरून घेण्याचा यत्न करी. आम्ही अस्खलित बोलत असू, आणि अस्खलितपणाचा आम्हांस अभिमान होता. सहामाहीच्या पेपरात त्याने आमचीच वाक्ये लिहिली होती. मोडलेली, एकमेकांत घुसलेली, अर्थ हरवलेली. आम्ही त्यांखाली तांबड्या शाईने एक चुरचुरीत शेरा मारला. वर्गात पेपर परत देताना तो वाचूनही दाखविला, आणि पहिले दोन बाक हसले. पुढल्या सहामाहीस तो आला नाही. अध्यापकांच्या खोलीत कोणी विचारले तेव्हा आम्ही म्हणालो की आम्ही शिकविण्यात कसूर केली नव्हती, घेणाराच्याच ठिकाणी घेण्याची शक्ती नव्हती. त्याला आम्ही गीतेचा आधारही दिला: आपला अधिकार कर्मावर, फळावर नव्हे. श्रोत्यांत संस्कृतचे एक वृद्ध शास्त्री होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि ते तासावर निघून गेले.

त्या आधारात लबाडी कोठे होती हे मुद्गल पडल्यावर ध्यानात आले. कान्टने १७८५ साली प्रतिपादिले की शुद्ध संकल्प यशस्वी झाला नाही तरी रत्नाप्रमाणे स्वतःच्या तेजाने झळकतो. आणि गीतेतील निष्कामतेचाही लोक असाच अर्थ घेतात. परंतु फळाची आसक्ती सोडणे वेगळे आणि फेक कोठे पडते हे न पाहणे वेगळे. फेकणाराने टाळ्यांची आशा सोडावी, कृतज्ञतेची सोडावी, परतफेडीची तर अवश्य सोडावी. समोरचा हात हे मात्र त्याच्या कर्माचे फळ नव्हे, ते त्या कर्माचेच अंग आहे. हाताविना नुसती फेक म्हणजे मुद्गल टाकून देणे होय. आमचे व्याख्यान निर्दोष होते हे म्हणणे त्या अर्थी खोटे होते, कारण जो तेथे नव्हता अशा कोणा उंच विद्यार्थ्यासाठी आम्ही बोलत होतो, आणि तो उंच विद्यार्थी, खरे सांगावयाचे तर, आम्ही स्वतःच होतो.

मग दोष सर्वस्वी देणाराचाच काय? तसेही नाही. घेणाराचा हात हावरा असेल, मुद्गल येण्यापूर्वीच त्यावर झडप घालीत असेल, तर उत्तम फेकही वाया जाते. शिवाय दयेच्या फेकीचा अनुभव आम्ही घेतला आहे. त्या मुलाच्या आठवणीनंतर काही दिवस आम्ही इतक्या हळुवारपणे फेकू लागलो की मुद्गल समोरच्यापर्यंत पोचेचना. अध्यापकांस प्रत्येक वेळी एक पाऊल पुढे यावे लागे, आणि त्यांची स्वतःची गुंफण विसकटे. आवाक्यात देणे म्हणजे मऊ देणे नव्हे. वर्गातही आमचे असेच झाले असल्याचा संशय आम्हांस अलीकडे येतो. मुले हल्ली आमच्या तासास झेलण्याचे श्रमच करीत नाहीत, आणि आम्ही आपले एकेक पद त्यांच्या ओंजळीत ठेवीत बसतो. या दोहोंच्या मधली फेक कोणती, हे सेनेकास ठाऊक असावे. आम्हांस ते प्रत्येक माणसामागे नव्याने शोधावे लागते.

सेनेकाच्या दृष्टान्तात एक उणीवही आहे. त्याच्या खेळात चेंडू एकच, म्हणून एक देतो तेव्हा दुसरा घेतो, आणि मग परतफेडीचा हिशेब सुरू होतो. उपकार, कृतज्ञता, ऋण, व्याज. त्याच्या सबंध ग्रंथभर हीच खतावणी आहे. सहा मुद्गलांच्या खेळात ती उघडताच येत नाही. आमचा मुद्गल हवेत असतो तेव्हाच त्यांचाही असतो; दोन्ही मध्ये एकमेकांशेजारून जातात. त्यांनी दिले ते आमच्या देण्याची फेड नव्हे, कारण आमचे त्यांना पोचण्याआधीच त्यांचा हात मोकळा झाला होता. खेळ सुरू असेपर्यंत कोण ऋणकरी आणि कोण धनको हे सांगता येत नाही. ते मुद्गल पडल्यावरच सांगावेसे वाटते. वीस-वीस वर्षे बिनतक्रार चाललेल्या संसारांतही हिशेबाच्या वह्या पहिल्यांदा उघडतात त्या काहीतरी पडल्यावरच, हे आम्ही आमच्या परिचयाच्या घरांतून पाहिले आहे.

आणि पडल्यावर तरी काय सांगणार? पडलेला मुद्गल आमच्या हातून पडला. पण आम्ही तो वाकडा धरला, कारण त्याआधीचा उशिरा आला. तो उशिरा आला, कारण त्यापूर्वीची आमची फेक उंच गेली होती. ती उंच गेली, कारण... कर्मसिद्धान्ताचा आरंभ अनादि आहे असे जे म्हणतात त्याची यथार्थता आम्हांस कोणत्याही भाष्यापेक्षा येथे अधिक पटली. आरंभी आम्ही प्रत्येक वेळी क्षमा मागत असू. शेवटी अध्यापकांनी नियमच केला की जो क्षमा मागेल त्याने सर्व मुद्गल उचलावे. गुडघ्याचा विचार करून आम्ही ती सवय सोडली.

यंदा आम्ही सात मुद्गलांस आरंभ केला आहे. सात ही संख्या दोघांत सारखी वाटता येत नाही. एकाकडे चार येतात, आणि ज्याच्याकडे चार त्यानेच आधी सुरुवात करावयाची. दोन ठोक्यांचा प्रकार, आणि समोरच्याकडची प्रत्येक फेक उंच, दोन गिरक्यांची. चार बहुधा आम्हांकडेच असतात. आजवर आमची मजल अकरा फेकांपर्यंत गेली आहे. बारावी अध्यापकांच्या डाव्या खांद्यावरून मागे जाऊन पडते. त्यांचे म्हणणे असे की तिचे मूळ आमच्या नवव्या फेकीत आहे. आम्ही ते तपासले. आमच्या मते ते त्यांच्या सातव्या फेकीत आहे, आणि सातवीचे कारण आम्ही अद्याप शोधीत आहोत.